दहा, वीस, तीस, सत्तर

पूर्वी मूल जन्माला आलं की त्याची पत्रिका करून आणत. किमयाच्या पिढीच्या वाट्याला दोन पत्रिका आल्या. एक जन्माची, ती हौसेची. दुसरी प्रभावपत्रिका. ती पाच वर्षं पुरी व्हायच्या आत करायची, आणि ती जोडल्याशिवाय पहिलीत नाव घालून घेत नसत. पहिलीत मंगळ निघाला तर त्याची शांत तरी करता यायची. दुसरीत जे निघेल ते मुकाट पदरात घ्यावं लागे.

कराडच्या शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहणारी वैजयंती त्या दुसऱ्या पत्रिकेची वाट बघत होती. ती घरी ब्लाउज शिवायची. फोनसमोर उभं राहिलं की अंगाचं माप जायचं आणि यंत्राने शिवलेला ब्लाउज तिसऱ्या दिवशी दारात यायचा, असे ते दिवस. तरी तिच्याकडे बायका जिने चढून यायच्या. यंत्राचा ब्लाउज मापाला बरोबर आणि अंगाला चुकीचा बसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. नवरा हर्षद पाणीपुरवठ्याकडे पंपांची देखरेख करायचा. आणि मुलगी किमया साडेचार वर्षांची, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू.

किमयाच्या उजव्या पायात एक करडी, मऊ पट्टी होती. कागदोपत्री तिला 'संवेदक पट्टी' म्हणत, पण बारशाला घालतात त्या दागिन्यावरून लोकांनी तिचं नाव वाळा पाडलं आणि तेच रूढ झालं. वाळा सहा महिने पायात ठेवायचा. 'पहिली बेरीज' नावाचा सरकारी कार्यक्रम होता, त्याचा हा भाग.

त्यामागचं शास्त्र काही खोटं नव्हतं. तान्ह्या बाळालाही कमी-जास्त कळतं. इकडे दोन लाडू आणि तिकडे तीन, यातला फरक बोलता न येणाऱ्या पोरालाही दिसतो. पण त्या अंधुक जाणिवेतून 'सात' नावाची पक्की वस्तू तयार व्हायला माणसांचं बोलणं लागतं. घरातली मोठी माणसं जिने चढताना, पोळ्या वाढताना, कपडे वाळत घालताना आकडे बोलतात, आणि ते ऐकून ऐकून पोराच्या डोक्यात संख्या बसत जाते. त्यात एक मेख होती. ज्या आईबापांना गणिताची धास्ती असते त्यांची धास्तीही आकड्यांबरोबर पोरात उतरते. असे आईबाप अभ्यासाला जेवढे जवळ बसतील तेवढं पोर मागे पडतं, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं होतं.

पण ते सगळं सरासरीचं ज्ञान. अमुक एका घरात काय चाललंय ते त्यावरून कळायचं नाही. वाळ्याने ते सांगायला सुरुवात केली. घरात कोणी आकडा उच्चारला की तो आवाज कोणाचा, आकडा कोणता आणि त्या क्षणी पोराच्या नाडीचं, घामाचं, पायांच्या हालचालीचं काय झालं, एवढं तो टिपून ठेवायचा. घरातलं खाजगी बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून बाकीचे शब्द तो तिथल्या तिथे पुसून टाकी. 'तुझ्या मावशीने सात वेळा फोन केला आणि सातही वेळा रडली' या वाक्यातले दोन 'सात' तेवढे शिल्लक राहत. लोकांना ही सोय फार आवडली. मावशीचं रडणं घरातच राहिलं, आणखी काय हवं!

सहा महिन्यांनी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावापुढे एक आकडा येई. अधिक किंवा उणे, पोर त्या माणसामुळे पुढे जातं की मागे पडतं त्याचा. हीच ती प्रभावपत्रिका.

वैजयंतीच्या घरी आकड्यांची कमतरता नव्हती. दिवसभर कोणी ना कोणी बाई आरशासमोर हात पसरून उभी असायची आणि वैजयंती टेप फिरवत म्हणायची, "छाती साडेचौतीस, खांदा पावणेचौदा, बाही सव्वानऊ." किमया मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची आणि चिंध्यांची मापं घ्यायची, "ही सव्वा. ही पावणे. ही फारच पावणे."

आणि संध्याकाळी साडेसहाला लपंडाव.

कुकर लावला की सातला हर्षद येईपर्यंतचा तो अर्धा तास दोघींचा. दोन खोल्यांच्या घरात लपायच्या जागा त्या किती असणार! किमयाला त्यातली एकच आवडायची. कपाट आणि शिलाई मशीन यांच्यामधली फट. ती रोज तिथेच लपायची, आणि वैजयंती रोज ती सोडून घरभर शोधायची. राज्य कायम आईवरच. फ्रीजवर कपाळ टेकवून, डोळे मिटून ती मोजायची.

"दहा... वीस... तीस..." मग थोडं थांबून, घाईघाईने, "सत्तर, शंभर! आले गं!"

की लगेच फटीतून आवाज यायचा, "चुकलीस! चाळीस राहिलं!"

"अगं बाई! हा आवाज कुठून आला?"

फटीत तोंड दाबून खुदखुद चालायची. वैजयंती पलंगाखाली बघायची, पिठाच्या डब्याचं झाकण काढून आत हाक मारायची. शेवटी ती फटीपाशी आली की किमया अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकायचे. एकदा तर वैजयंतीने तिला छातीशी धरलं तेव्हा त्या एवढ्याशा छातीत काळीज इतकं धडधडत होतं, की तिला स्वतःलाच हसू आलं. "अगं, फुटेल की ते," ती म्हणाली.

प्रभावपत्रिका द्यायला केंद्रात दोघांनाही बोलावलं होतं. शहापूरकर मॅडम मायाळू बाई होत्या. टेबलावर पाण्याचे ग्लास आधीच भरून ठेवलेले होते, त्यावरूनच वैजयंतीला कळायला हवं होतं.

"हर्षदराव, तुमचे अधिक अकरा. छान आहेत." मॅडमनी संगणकाचा पडदा वैजयंतीकडे वळवला. "वैजयंतीताई, हे मनाला लावून घेऊ नका हं. पाचातल्या एका घरात असं निघतं."

पडद्यावर तिच्या नावापुढे उणे एकोणीस होते.

"म्हणजे नेमकं काय झालंय?" तिने विचारलं.

"तुमच्या तोंडून आकडे आले की किमयाचे ठोके चढतात. थोडेथोडके नाही, दीडशेच्या वर जातात. तळपायाला घाम येतो. आणि ती अगदी थिजून जाते, पायाची हालचालच बंद. परीक्षेला बसलेल्या माणसाचं व्हावं तसं. बाबांच्या आकड्यांना मात्र शांत असते." मॅडमनी पाण्याचा एक ग्लास तिच्यापुढे सरकवला. "तुम्हाला शाळेत गणित कसं जायचं?"

हा प्रश्न तिला चौदाव्या वर्षापासून कोणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर मात्र घशाशी तयार होतं. नववीत गणिताचे सर तिला रोज फळ्याशी उभं करायचे. खडू हातात धरून ती उभी राहायची आणि मागे पन्नास पोरी हसायच्या. "बसा आता, शिवणकाम करा," असं ते म्हणायचे. ती खरंच शिवणकाम करायला लागली. मापं तिची कधी चुकली नाहीत, पण त्याला ती गणित समजतच नव्हती.

"नापास झाले होते. दोनदा," ती म्हणाली.

मॅडमनी हळूच मान हलवली. कोडं सुटल्यावर माणूस हलवतं तशी. "एक विचारते. हे सगळ्यात जास्त संध्याकाळी दिसतंय. साडेसहाच्या सुमाराला. तेव्हा घरात काय चाललेलं असतं?"

वैजयंतीला ताबडतोब कळलं. दहा, वीस, तीस, सत्तर. आपण लेकीला रोज चुकीचं मोजून दाखवत होतो. ते बिचारं पोर रोज 'चुकलीस, चुकलीस' म्हणून ओरडत होतं आणि आपण दात काढत होतो. दोनदा नापास झालेल्या बाईने मुलीला गंमत म्हणून उलटेसुलटे आकडे शिकवले, हे या शिकल्यासवरल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? कानामागून घामाची धार लागली. हर्षद शेजारीच बसला होता. त्याला या खेळाचा पत्ता नव्हता, तो यायच्या आत खेळ संपलेला असायचा.

"काही नाही," ती म्हणाली. "कुकर लावते मी."

"तेव्हा आकडे येतात तोंडात?"

"शिट्ट्या मोजते."

मॅडमनी लिहून घेतलं. शिट्ट्या.

उपाय साधा होता. त्याला संख्यामौन म्हणत. आठवं वर्ष पूर्ण होईपर्यंत वाळा पायातच ठेवायचा आणि वैजयंतीने मुलीसमोर एकही आकडा उच्चारायचा नाही. सगळं आकड्याचं बोलणं बाबांनी करायचं. "पोराचं मन या वयात ओल्या मातीसारखं असतं," मॅडम म्हणाल्या. "तीन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे, ताई. पुढे तिचं आयुष्य आहे."

जिना उतरताना हर्षद म्हणाला, "एवढं काही नसतं गं. यंत्रं ती."

"तुमचे अधिक अकरा आहेत, तुम्हाला काय होतंय बोलायला," ती म्हणाली, आणि त्याला मागे टाकून भराभरा उतरत गेली.

आकडे न बोलता राहून बघावं कोणी. पहिल्या दिवशी वैजयंतीच्या ध्यानात आलं की आई लेकराशी बोलते त्यात निम्मे आकडेच असतात. 'अजून दोन घास' म्हणायचं नाही, 'अजून घास' म्हणायचं. 'पाच मिनिटांत येते' नाही, 'येते'. जिन्याच्या बावीस पायऱ्या मायलेकी रोज मोजत चढायच्या, आता नुसत्या चढायच्या. बायकांची मापं ती तोंडातल्या तोंडात ठेवून पाटीवर लिहायला लागली. एक बाई म्हणाली, "काय गं, घशाला झालंय काय तुझ्या?" ती हसून म्हणाली, "हो, बसलाय जरा."

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला ती केकवर मेणबत्त्या लावत होती. किमयाने विचारलं, "आई, मी किती वर्षांची झाले?"

"मोठी झालीस," वैजयंती म्हणाली.

"पण किती?"

"बाबांना विचार."

आणि लपंडाव. पत्रिका आली त्या संध्याकाळी कुकर लावल्याबरोबर किमया जाऊन फटीत बसली. वैजयंती फ्रीजवर कपाळ टेकवून उभी राहिली. डोळे मिटले, ओठ घट्ट मिटले. घरात फक्त कुकरची शिट्टी झाली.

"आई, मोज ना!"

ती उभीच राहिली.

"आई, तू आहेस का?"

"आहे."

"मग मोज ना गं. मला कळणार कसं तू शोधतेयस ते?"

वैजयंती मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजत होती, एकही न चुकता. मग ती वळली आणि सरळ फटीपाशी गेली. किमयाने तिच्याकडे बघितलं. किंचाळली नाही. "तू शोधतच नव्हतीस," ती म्हणाली आणि बाहेर आली.

चारेक दिवस असं चाललं. मग किमयाने बाबांकडे हट्ट धरला, तसा हर्षद लवकर येऊन राज्य घ्यायला लागला. तो दहा, वीस, तीस, चाळीस असं अगदी स्वच्छ मोजायचा आणि आला की सरळ फटीत बघायचा, कारण मुलगी तिथेच असते हे त्याला माहीत होतं. दोन आठवड्यांत तो खेळ मोडला. फटीत वैजयंतीने नंतर इस्त्रीचं टेबल ठेवलं.

वाळ्याचा आलेख मात्र चढत गेला. दीडशेचे ठोके नाहीसे झाले, मुलगी शांत झाली. सहाव्या वर्षी किमया वजाबाक्या तोंडी करायला लागली, सातव्या वर्षी पाढे उलटे म्हणायला. शहापूरकर मॅडमनी वैजयंतीचा फोटो केंद्राच्या भिंतीवर लावला, 'आदर्श संख्यामौन' म्हणून. पोर वाढतं तसं त्याचं गणितही आपोआप वाढतं, आणि कोणी घाबरवलं नाही तरी ठोके खाली येतातच, हे त्या वेळी कोणाच्या मनात आलं नाही. वैजयंतीला अभिमान वाटायचा. तेवढाच एक उद्योग तिला आयुष्यात शंभर टक्के जमला होता.

आठवं वर्ष पूर्ण झालं, वाळा निघाला, मौन सुटलं. पण सुटून करायचं काय? तोपर्यंत किमयाने आईला 'किती' हा प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं. किती वाजले, किती दूर, किती दिवस राहिले, सगळं बाबांना. आईला विचारायचं ते 'कुठे ठेवलंय' आणि 'जेवायला काय'. बाराव्या वर्षी एकदा ती पोट धरून मोरीच्या दारात उभी राहिली होती. वैजयंतीने सगळं करून दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली, पाठीवर हात फिरवला.

"किती दिवस असतं हे?" किमयाने विचारलं.

"थांबेल," वैजयंती म्हणाली. "असतं थोडे दिवस."

मुलगी आत गेली आणि तिने फोनवर शोधलं. वैजयंतीला त्या दिवशी फार वाईट वाटलं. चार ते पाच दिवस, एवढं म्हणायला काय हरकत होती? मौन सुटून चार वर्षं झाली होती. पण जीभ आता वळतच नव्हती.

किमया एकोणीस वर्षांची झाली. बंगळुरूच्या एका संस्थेत संख्याशास्त्राला तिचं नाव लागलं. निघायला चार दिवस असताना, भर दुपारी, ती मशीनपाशी येऊन उभी राहिली. हातात फोन होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

"आई, मशीन थांबव."

वैजयंतीने पाय काढला.

"'पहिली बेरीज'वाल्यांनी आमच्या वयाच्या मुलांना आपापल्या जुन्या नोंदी खुल्या केल्यात. मी माझ्या उतरवून घेतल्या." ती स्टुलावर बसली. "खरं सांगशील?"

"विचार की."

"तू मला मारायचीस का?"

वैजयंतीच्या हातातून कापड सुटलं. "काय बोलतेयस तू?"

"हे बघ." किमयाने पडदा पुढे धरला. तिचा आवाज हिशेबी होता. "रोज संध्याकाळी, साडेसहा ते सात. आधी मी पळते, सात-आठ सेकंद. मग एकदम थिजते, पाय जराही हलत नाही. मग तुझा आवाज, दहा, वीस, तीस. आणि माझे ठोके एकशे बावन्न. मग सत्तर, मग शंभर. मग माझाच आवाज, चाळीस. मग बराच वेळ काही नाही. आणि शेवटी ठोके एकशे सत्तर, पाय झाडल्याच्या खुणा. रोज, आई. सहा महिने. शंभर होईपर्यंत तू मला कशाची मुदत द्यायचीस? मी कुठे पळायचे? मला काहीच आठवत नाही, पण हे कुणी दुसऱ्याच्या घरातलं दाखवलं असतं तर मी पोलिसांत गेले असते."

वैजयंतीने सुटलेलं कापड उचलून मांडीवर घेतलं. पंधरा वर्षं जे सांगायचं राहिलं ते आता सांगायचं होतं, आणि त्याला शब्द दोनच लागत होते.

"लपंडाव खेळायचो," ती म्हणाली.

"काय?"

"लपंडाव गं. कुकर लावला की. तू तिथे लपायचीस." तिने इस्त्रीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "मी मुद्दाम चुकायची. तीसनंतर सत्तर म्हणायची. तू आतून ओरडायचीस, चुकलीस, चाळीस राहिलं. मग मी तुला पिठाच्या डब्यात शोधायची."

किमयाने पडद्याकडे बघितलं. बोटाने ती एकेक ओळ खाली नेत होती. पळणं. थिजणं. दहा, वीस, तीस. सत्तर, शंभर. चाळीस. तिने ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं.

"हसणं ते ठेवत नव्हते," ती हळू म्हणाली. "बाकीचे शब्द पुसायचे ना. 'चुकलीस' पुसलं. 'आले गं' पुसलं. नुसते आकडे आणि ठोके. भीतीने धडधडलं काय आणि मजेने धडधडलं काय, नाडीला ते सारखंच." तिने डोळे पुसले. "पण त्यांनी विचारलं कसं नाही? एवढा मोठा आकडा दिसतोय, साडेसहाला काय चालतं, एवढा प्रश्न कुणी विचारला नाही तुला?"

इथे वैजयंतीला मान हलवून मोकळं होता आलं असतं. नाही विचारलं, म्हटलं असतं तर मुलगी त्या केंद्राला शिव्या देत बंगळुरूला गेली असती, आणि आईवर तिने जीव टाकला असता.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. शिट्ट्या मोजते म्हटलं."

"का?"

"लाज वाटली. चुकीचं मोजत होते ना मी. मला वाटलं, त्यानेच तुझं बिघडलं. दोनदा नापास झालेली बाई मी, मला वाटायचंच की माझ्यामुळे तुझं काहीतरी बिघडणार. त्यांनी ते कागदावर लिहून दिलं इतकंच." तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. "एक वाक्य होतं गं. एवढं एक वाक्य मी बोलले असते तर."

किमयाने फोन मांडीवर उपडा ठेवला. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजून गेला.

"साडेचार वर्षांच्या मुलीला तीसनंतर सत्तर येत नाही हे कळायचं," ती शेवटी म्हणाली. "मधलं काय राहिलं ते सांगता यायचं. आई, मी हे वाचलंय. पोर नुसतं पाठ म्हणतं की त्याला संख्या कळलीय, हे असंच ओळखतात. मोजताना मुद्दाम चुकायचं आणि ते पकडतं का बघायचं. तू मला गणित शिकवत होतीस."

वैजयंती ऐकत होती. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर फ्रीज होता, आणि 'आई, तू आहेस का' असं विचारणारा आवाज. तो खेळ चालू राहिला असता तर आणखी वर्षभर चालला असता, फार तर दोन वर्षं. मग मुलगी मोठी होऊन आपसूक थांबली असती. तेवढंच गेलं होतं. पण त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं गेलं होतं, आणि ते कोणत्या दिवशी गेलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

किमया एकदम उठली. तिने इस्त्रीचं टेबल ओढून बाजूला केलं. फटीत धुळीचे गोळे होते, एक हरवलेला बॉबिन होता.

"काय करतेयस?"

"तुझ्यावर राज्य आहे," किमया म्हणाली.

"अगं, मावायची नाहीस तू तिथे."

"मोज तू."

ती तिरकी होऊन, खांदे आवळून कशीबशी आत शिरली. एक पाय बाहेरच राहिला. वैजयंती फ्रीजपाशी गेली. फ्रीज नवा होता, जुन्याहून उंच. तिने कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले.

"दहा," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. "वीस... तीस..."

ती थांबली. किती थांबायचं ते अजून आठवत होतं.

"सत्तर, शंभर. आले गं."

फटीतून काही आलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. वैजयंतीने मनात एक, दोन, तीन, चार मोजले.

"चुकलीस," किमयाचा आवाज आला, जरा उशिरा, सांभाळून. "चाळीस राहिलं."

वैजयंतीने पिठाचा डबा उघडला, आत हाक मारली. पलंगाखाली वाकताना गुडघा दुखला. मग ती फटीपाशी आली. लेक अंग चोरून बसली होती, केसाला धूळ लागली होती. ती किंचाळली नाही, ते शक्यही नव्हतं. पण तिने हसून दोन्ही हात वर केले, सापडल्यासारखे.

तिच्या मनगटावर नाडीचे ठोके दाखवणारी आरोग्याची पट्टी होती. तिने तिकडे बघितलं आणि चटकन तळहाताने ती झाकली.

"बघ आई," ती म्हणाली. "एकशे अठरा झाले. अजून होतंय."

तळहाताने झाकायला क्षणभर उशीर झाला होता. वैजयंतीला आयुष्यात कितीही जणांनी काहीही सांगितलं असलं, तरी आकडे तिला नीट वाचता येत होते. पट्टीवर बहात्तर होते.

"एकशे अठरा!" ती म्हणाली. "अगं बाई, फुटेल की ते."

आणि तिने हात पुढे करून लेकीला बाहेर ओढलं.